स्वादुपिंड द्वीपकांचे प्रत्यारोपण आणि पेशीय संकेतन विकरे

स्वादुपिंड द्वीपकांचे प्रत्यारोपण ही मुख्यतः प्रकार १ मधुमेहावरील एक उपचारपद्धती आहे. तीत मृत दात्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींचे पुंजके वेगळे करून ते रुग्णाच्या शरीरात, बहुधा यकृतात, सोडले जातात. या पुंजक्यांना लांगरहान्सची द्वीपके असे म्हणतात. प्रत्यारोपित द्वीपकांचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतो आणि उरलेल्यांचे कार्य पुढील वर्षांत हळूहळू घटत जाते. ही हानी केवळ रुग्णाच्या प्रतिकारशक्तीमुळे होत नाही. दात्याच्या शरीरात, प्रयोगशाळेत आणि यकृतात द्वीपकांवर जे ताण येतात त्यांची नोंद पेशींमधील संकेतन विकरे घेतात आणि त्यांच्या परस्परविरोधी आदेशांनुसार पेशी जगते किंवा मरते. शिवाय रुग्णाची प्रतिकारशक्ती दडपण्यासाठी दिली जाणारी काही महत्त्वाची औषधे याच विकरांवर कार्य करतात. त्यामुळे द्वीपकांचे बाहेरील हल्ल्यापासून रक्षण करताना त्यांची आतील जगण्याची क्षमता कमी होण्याचा धोका असतो. हा पेच या उपचारपद्धतीतील एक मध्यवर्ती प्रश्न मानला जातो.

द्वीपकांची रचना व कार्य

जर्मन वैद्यक पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये बर्लिन येथे सादर केलेल्या प्रबंधात स्वादुपिंडातील या पुंजक्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य त्यांना ठाऊक नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर लागेस यांनी १८९३ मध्ये या पुंजक्यांना लांगरहान्स यांचे नाव दिले.

प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख द्वीपके असतात, परंतु त्यांचे एकूण वस्तुमान स्वादुपिंडाच्या केवळ १ ते २ टक्के भरते. उरलेला भाग पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी व त्यांच्या नलिकांचा असतो. द्वीपकातील बीटा पेशी इन्सुलिन, अल्फा पेशी ग्लुकागॉन आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन ही संप्रेरके स्रवतात. मानवी द्वीपकात बीटा पेशींचे प्रमाण सर्वाधिक असते. प्रकार १ मधुमेहात रुग्णाची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा या बीटा पेशी नष्ट करते.

द्वीपकांना केशवाहिन्यांचे दाट जाळे लाभलेले असते आणि वस्तुमानाच्या मानाने त्यांना मिळणारा रक्तपुरवठा फार मोठा असतो. बीटा पेशी रक्तातील ग्लुकोजची पातळी स्वतःच्या श्वसनक्रियेच्या वेगावरून ओळखते. त्यामुळे तिला ऑक्सिजनची सतत गरज असते. दुसरीकडे, हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घातक रेणूंचे विघटन करणारी कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे बीटा पेशींत यकृतासारख्या अवयवांच्या तुलनेत अत्यल्प असतात. ऑक्सिजनची मोठी गरज आणि ऑक्सिडीकारक ताणाविरुद्धचे दुबळे संरक्षण या दोन गुणधर्मांमुळे बीटा पेशी प्रत्यारोपणासाठी नाजूक ठरते.

प्रत्यारोपणाचा इतिहास

स्वादुपिंड काढून टाकल्यास कुत्र्याला मधुमेह होतो, हे ऑस्कर मिन्कोव्हस्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे दाखवले. त्यानंतर चार वर्षांनी, इन्सुलिनचा शोध लागण्याच्या बऱ्याच आधी, ब्रिस्टल येथील वॉटसन विल्यम्स यांनी मधुमेहाने मरणासन्न झालेल्या एका मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. तो मुलगा तीन दिवसांत मरण पावला. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन उपलब्ध झाल्यावर प्रत्यारोपणाची निकड काही दशके मागे पडली.

द्वीपके स्वादुपिंडातून अखंड स्वरूपात वेगळी करणे ही मोठी तांत्रिक अडचण होती. अमेरिकेतील सेंट लुइस येथील पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्हस्की यांनी १९६७ मध्ये कोलॅजिनेज या विकराच्या साहाय्याने उंदराच्या स्वादुपिंडातील संयोजी ऊती विरघळवून द्वीपके मोकळी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये लेसी व वॉल्टर बॅलिंजर यांनी अशा द्वीपकांच्या प्रत्यारोपणाने मधुमेही उंदरांची स्थिती सुधारल्याचे दाखवले आणि लवकरच यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल नीला हा प्रत्यारोपणाचा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरला. १९७० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात मानवी रुग्णांवर प्रत्यारोपणे सुरू झाली. १९८८ मध्ये कॅमिलो रिकॉर्डी यांनी मानवी द्वीपके मोठ्या संख्येने वेगळी करण्यासाठी अर्धस्वयंचलित पद्धत विकसित केली. तिच्यातील पात्राला रिकॉर्डी पात्र असे म्हणतात आणि ते आजही वापरात आहे.

तरीही १९९० च्या दशकाअखेरपर्यंत प्रत्यारोपणानंतर वर्षभर इन्सुलिनविना राहणारे रुग्ण अपवादात्मक होते. कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात जेम्स शापिरो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सलग सात रुग्णांना इन्सुलिनच्या इंजेक्शनांपासून मुक्त केल्याचे जाहीर केले. या पद्धतीत स्टेरॉइड औषधे पूर्णपणे टाळून सिरोलिमस, टॅक्रोलिमस आणि डॅक्लिझुमॅब ही औषधे वापरली होती, तसेच एकाहून अधिक दात्यांची द्वीपके देऊन प्रत्येक रुग्णाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सरासरी सुमारे ११,५०० द्वीपक-एकके पुरवली होती. १५० मायक्रोमीटर व्यासाच्या एका द्वीपकाइतके आकारमान म्हणजे एक द्वीपक-एकक होय. ही पद्धत एडमंटन पद्धती म्हणून ओळखली जाते.

पुढील पाठपुराव्याने मात्र आशेला मर्यादा घातली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ केंद्रांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत ३६ पैकी १६ रुग्ण एका वर्षानंतर इन्सुलिनमुक्त होते. दोन वर्षांनंतर त्यांपैकी केवळ ५ तसे उरले. अनेक रुग्णांत द्वीपकांचे अंशतः कार्य मात्र टिकून राहिले आणि त्यामुळे रक्तशर्करा अचानक धोकादायक पातळीपर्यंत खालावण्याचे प्रसंग कमी झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ८७.५ टक्के रुग्णांत एका वर्षानंतर रक्तशर्करेचे उत्तम नियंत्रण साधले आणि अशा गंभीर प्रसंगांपासून त्यांची सुटका झाली. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मृत दात्यांच्या द्वीपकांपासून तयार केलेल्या डोनिस्लेसेल या पेशी-उपचाराला मान्यता दिली.

प्रत्यारोपणाचे टप्पे आणि द्वीपकांवरील ताण

द्वीपकांची हानी एकाच क्षणी होत नाही. तिचे पुढील टप्पे मानले जातात.

मेंदूमृत्यू: दात्याचा मेंदू मृत झाल्यावर त्याच्या शरीरात दाहकारक सायटोकाइनांची पातळी वाढते. हृदय चालू असले तरी स्वादुपिंडावर या दाहाचा परिणाम होतो.

शीत साठवण: अवयव काढल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो थंड द्रावणात, रक्तपुरवठ्याविना राहतो. पेशींतील ऊर्जेचा साठा घटतो.

विलगीकरण: कोलॅजिनेजमुळे द्वीपकांभोवतीचे आधारद्रव्य विरघळते आणि त्यांच्या रक्तवाहिन्या व चेता तुटतात. पेशींच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन हे ग्राही रेणू आधारद्रव्याला जोडलेले असतात आणि तेथून पेशीला जगण्याचे संकेत मिळतात. हा आधार सुटल्याने सुरू होणाऱ्या नियोजित पेशीमृत्यूला अ‍ॅनॉइकिस असे म्हणतात.

रक्ताशी संपर्क: पोर्टल नीलेत सोडताच द्वीपकांच्या पृष्ठभागावरील ऊतीघटक हे प्रथिन रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू करते. थ्रॉम्बिन तयार होते, रक्तबिंबिका चिकटतात, पूरक प्रणाली कार्यान्वित होते आणि पांढऱ्या पेशी द्वीपकांत शिरतात. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी १९९९ पासून या तात्काळ रक्तजन्य दाहप्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले. ती काही मिनिटांत सुरू होते.

ऑक्सिजनची कमतरता: नवीन केशवाहिन्या द्वीपकांत शिरून रक्तपुरवठा पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तोपर्यंत द्वीपकाच्या गाभ्यातील पेशींना ऑक्सिजन केवळ विसरणाने मिळतो. मोठ्या द्वीपकांचा गाभा त्यामुळे लवकर मरतो.

प्रतिकारशक्तीचा हल्ला: दात्याच्या परक्या ऊतींविरुद्धची प्रतिक्रिया आणि मधुमेहाला मूळ कारण असलेली बीटा पेशींविरुद्धची स्वप्रतिकारक्षम प्रतिक्रिया या दोन्ही येथे संभवतात.

वरील टप्प्यांपैकी पहिल्या पाचांचा परक्या ऊतींच्या अस्वीकाराशी थेट संबंध नाही. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक द्वीपके नष्ट होतात, असा अंदाज आहे. म्हणूनच एका रुग्णासाठी अनेकदा दोन किंवा अधिक दात्यांची गरज भासते.

प्रमुख संकेतन विकरे

पेशीच्या पृष्ठभागावर आलेला संदेश केंद्रकापर्यंत पोहोचवण्याचे काम विकरांची साखळी करते. या साखळीतील सर्वांत मोठा गट कायनेज विकरांचा आहे. कायनेज एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडते, तर फॉस्फेटेज तो काढून टाकते. एवढ्या लहान बदलाने प्रथिनाचे कार्य सुरू किंवा बंद होते. मानवी जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेजांची जनुके आहेत. द्वीपकांच्या संदर्भात त्यांपैकी काहींचा विशेष अभ्यास झाला आहे.

जेएनके आणि पी३८: ही दोन्ही ताणामुळे जागृत होणारी कायनेजे आहेत. मानवी द्वीपके वेगळी करण्याच्या प्रक्रियेतच ती प्रबळपणे कार्यान्वित होतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याचा अर्थ प्रत्यारोपणापूर्वीच पेशीमृत्यूची यंत्रणा अंशतः चालू झालेली असते. जेएनकेमुळे पीडीएक्स-१ हे इन्सुलिन जनुकाला चालना देणारे प्रथिन केंद्रकातून बाहेर हलवले जाते, त्यामुळे न मेलेल्या पेशीचेही इन्सुलिननिर्मितीचे कार्य मंदावते. पी३८ मुळे द्वीपके स्वतःच दाहकारक सायटोकाइने निर्माण करतात.

कॅस्पेज: ही प्रथिने कापणारी विकरे आहेत. नियोजित पेशीमृत्यूचा आदेश प्रत्यक्षात आणण्याचे काम ती करतात. पृष्ठभागावरील मृत्यूग्राहींकडून आलेला संदेश कॅस्पेज-८ मार्फत आणि तंतुकणिकांना झालेल्या इजेचा संदेश कॅस्पेज-९ मार्फत पुढे जातो. दोन्ही मार्ग कॅस्पेज-३ पाशी एकत्र येतात. ते कार्यान्वित झाल्यावर पेशी सहसा वाचत नाही.

पीआय३-कायनेज आणि एकेटी: इन्सुलिन व इतर वृद्धिघटकांच्या ग्राहींकडून आलेला जगण्याचा संदेश या मार्गाने वाहतो. एकेटी हे कायनेज पेशीमृत्यू घडवणाऱ्या बॅड या प्रथिनाला, फॉक्सओ१ या जनुक-नियंत्रकाला आणि जीएसके-३ या कायनेजाला निष्क्रिय करते. या मार्गातील आयआरएस-२ हे दुवा साधणारे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या बीटा पेशी पुरेशा टिकत नाहीत व त्यांना मधुमेह होतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. प्रयोगशाळेत द्वीपकांमध्ये सदैव कार्यरत राहणाऱ्या एकेटीचे जनुक घातले असता त्यांचे अस्तित्व व प्रत्यारोपणानंतरचे कार्य सुधारते. मात्र एकेटी हे अनेक कर्करोगांत अतिसक्रिय आढळणारे विकर असल्याने ते कायमचे चालू ठेवणे हा रुग्णांसाठी सुरक्षित उपाय मानला जात नाही.

एमटीओआर: पोषकद्रव्ये आणि वृद्धिसंदेश यांचा मेळ घालून पेशीची वाढ, प्रथिननिर्मिती व विभाजन नियंत्रित करणारे हे कायनेज आहे. ते दोन वेगवेगळ्या संकुलांत आढळते. पहिले संकुल वाढीचे नियमन करते, तर दुसरे एकेटीला पूर्णपणे कार्यान्वित करण्यास मदत करते.

आयकेके, नायट्रिक ऑक्साइड सिंथेज आणि ए२०: इंटरल्यूकिन-१ बीटा व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही सायटोकाइने आयकेके या कायनेजामार्फत एनएफ-कप्पा-बी या जनुक-नियंत्रकाला मोकळे करतात. त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराची निर्मिती वाढते. नायट्रिक ऑक्साइडचा घातक परिणाम उंदरांच्या द्वीपकांत ठळक असून मानवी द्वीपके त्याला तुलनेने अधिक दाद देत नाहीत. ए२० हे विकर इतर प्रथिनांवरील युबिक्विटिन या खुणेत फेरफार करून हा मार्ग आवरते. ए२० ची मात्रा वाढवलेल्या द्वीपकांत सायटोकाइनांमुळे होणारा पेशीमृत्यू घटतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

जेएके: इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश जेएके कायनेजे पुढे नेतात. त्यामुळे बीटा पेशींच्या पृष्ठभागावर प्रतिकारयंत्रणेला ओळख पटवणारे रेणू वाढतात आणि मारक टी-पेशींना त्या सहज सापडतात.

एमएसटी१: २०१४ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथील संशोधकांनी हे कायनेज मधुमेहात बीटा पेशींच्या मृत्यूस व बिघाडास कारणीभूत ठरत असल्याचे दाखवले. ते एकाच वेळी पेशीमृत्यूचा मार्ग खुला करते आणि पीडीएक्स-१ च्या ऱ्हासाला चालना देते. त्याचा अभाव असलेल्या उंदरांत बीटा पेशी अधिक टिकल्या.

प्रथिन कायनेज ए: जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक बीटा पेशीत चक्रीय एएमपीची पातळी वाढवून या कायनेजाला चालना देते. त्यामुळे ग्लुकोजनुसार होणारे इन्सुलिनचे स्रवण वाढते आणि पेशीमृत्यू कमी होतो.

कॅल्सिन्यूरिन व डायर्क१ए: कॅल्सिन्यूरिन हे फॉस्फेटेज आहे. ते एनएफएटी या प्रथिनावरील फॉस्फेट काढून त्याला केंद्रकात जाऊ देते. डायर्क१ए हे कायनेज फॉस्फेट पुन्हा जोडून त्याला बाहेर काढण्यास मदत करते. बीटा पेशींची संख्या व इन्सुलिनची निर्मिती राखण्यात एनएफएटीचा वाटा असल्याने ही दोन विकरे परस्परविरोधी भूमिका बजावतात.

प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांचा दुहेरी परिणाम

एडमंटन पद्धतीतील दोन प्रमुख औषधे, सिरोलिमस आणि टॅक्रोलिमस, मातीतील जीवाणूंपासून मिळाली. सिरोलिमसचे जीवाणू ईस्टर बेटावरील, म्हणजे रापा नुईच्या, मातीत सापडले. त्याचे दुसरे नाव रापामायसिन हे त्यावरूनच पडले. टॅक्रोलिमसचा शोध १९८४ मध्ये जपानमध्ये लागला. सिरोलिमस एमटीओआरला, तर टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिनला रोखते. टी-पेशींना वाढण्यासाठी व संदेश देण्यासाठी ही विकरे आवश्यक असतात. त्यामुळे ती रोखल्यावर अस्वीकाराची प्रक्रिया मंदावते.

परंतु हीच विकरे बीटा पेशींतही कार्यरत असतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीटा पेशींतील कॅल्सिन्यूरिन नाहीसे केलेल्या उंदरांना वय वाढेल तसा मधुमेह झाला. मूत्रपिंड व यकृत यांच्या प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस घेणाऱ्या काही रुग्णांना नव्याने मधुमेह होतो, ही वैद्यकीय निरीक्षणे या निष्कर्षाशी जुळतात. सिरोलिमस बीटा पेशींच्या विभाजनास अटकाव करते आणि नवीन रक्तवाहिन्यांची वाढ कमी करते. द्वीपकांना यकृतात रक्तपुरवठा मिळण्याचे दोन आठवडे आणि औषधाची मात्रा चढवण्याचे दिवस एकच असल्याने हा परिणाम महत्त्वाचा ठरतो. दीर्घकाळ दिल्यास अनेक प्रकारच्या पेशींत ते एमटीओआरच्या दुसऱ्या संकुलाची जुळणी रोखून एकेटीही दुर्बळ करते.

पोर्टल नीलेतून प्रत्यारोपण केल्याने या अडचणीत भर पडते. तोंडाने घेतलेले औषध आतड्यांतून शोषले जाऊन प्रथम पोर्टल नीलेतच येते, त्यामुळे यकृतातील द्वीपकांचा औषधाच्या तीव्र मात्रेशी संबंध येतो. स्टेरॉइड औषधे टाळून एडमंटन पद्धतीने एक हानिकारक घटक दूर केला, तरी उरलेल्या औषधांतील हा विरोध पूर्णपणे मिटला नाही.

स्व-प्रत्यारोपणातून मिळणारा पुरावा

चिरकारी स्वादुपिंडदाहाच्या असह्य वेदनांवर काही रुग्णांचे संपूर्ण स्वादुपिंड काढावे लागते. अशा वेळी त्यांचीच द्वीपके वेगळी करून त्यांच्याच यकृतात सोडली जातात. असे पहिले स्व-प्रत्यारोपण १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाले. तेथील मोठ्या रुग्णसमूहात सुमारे ३० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर इन्सुलिनमुक्त असल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले.

या रुग्णांची द्वीपके आजारी स्वादुपिंडातून आलेली आणि संख्येने कमी असतात. तरीही त्यांचे कार्य अनेकदा दीर्घकाळ टिकते. येथे मेंदूमृत्यू नसतो, शीत साठवणीचा काळ अल्प असतो, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे नसतात आणि परक्या ऊतींचा प्रश्नही उद्भवत नाही. त्यामुळे दात्याकडील ताण व औषधे यांचा द्वीपकांच्या आयुष्यावर किती प्रभाव पडतो, हे तपासण्यासाठी स्व-प्रत्यारोपण ही एक नैसर्गिक तुलना मानली जाते. अर्थात या रुग्णांत स्वप्रतिकारक्षम मधुमेह नसतो, त्यामुळे ही तुलना अपूर्ण आहे.

विकरांवर आधारित संरक्षणाचे प्रयत्न

विलगीकरणापूर्वी व विलगीकरणाच्या वेळी: पेशीत शिरू शकणारा जेएनके-रोधक पेप्टाइड वापरल्यास द्वीपकांचा मृत्यू घटतो व प्रत्यारोपणाचे यश वाढते, असे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. पी३८ च्या रोधकांनीही मानवी द्वीपकांतील सायटोकाइनांची निर्मिती कमी होते. हे उपाय रुग्णाच्या शरीराबाहेर, काही तासांपुरते करता येतात, हा त्यांचा फायदा आहे.

प्रत्यारोपणाच्या दिवसांत: कॅस्पेज-रोधक औषधे दिल्यास एरवी अपुऱ्या ठरणाऱ्या द्वीपकसंख्येनेही मधुमेही उंदरांची रक्तशर्करा नियंत्रणात येते, हे एडमंटन येथील गटाने दाखवले. रुग्णांमध्ये हेपारिन देऊन गुठळ्या रोखणे, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला अटकाव करणारे एटानेर्सेप्ट देणे आणि सुरुवातीच्या काळात इन्सुलिन चालू ठेवून द्वीपकांना विश्रांती देणे हे उपाय अनेक केंद्रांत वापरले जातात. मिनेसोटा येथे २००५ मध्ये एटानेर्सेप्टचा समावेश असलेल्या उपचाराने आठ रुग्णांना प्रत्येकी एकाच दात्याची द्वीपके देऊन इन्सुलिनमुक्त करण्यात आले. त्यांपैकी पाच जण वर्षाहून अधिक काळ तसेच राहिले.

त्यानंतरच्या काळात: जीएलपी-१ च्या मार्गाला चालना देणारे एक्झेनाटाइड काही केंद्रांनी वापरून पाहिले, मळमळ हा त्याचा मुख्य दुष्परिणाम आहे. जेएके-रोधक बॅरिसिटिनिबमुळे नव्याने निदान झालेल्या प्रकार १ मधुमेहात उरलेल्या बीटा पेशींचे कार्य अधिक टिकते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आढळले. ही चाचणी प्रत्यारोपणाची नसली तरी मानवी बीटा पेशींचे रक्षण एका कायनेजाला रोखून करता येते, याचा तो थेट पुरावा आहे.

पेशींची संख्या वाढवणे: हरमल या वनस्पतीत आढळणारे हार्मिन हे संयुग डायर्क१ए ला रोखून मानवी बीटा पेशींना विभाजनास प्रवृत्त करते, असे २०१५ मध्ये दिसून आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मानवी द्वीपके बसवलेल्या उंदरांना हार्मिन व जीएलपी-१ सदृश औषध एकत्र दिल्यावर बीटा पेशींचे वस्तुमान कित्येक पटींनी वाढले. हार्मिनचा परिणाम अंशतः एनएफएटीमार्फत होत असल्याने कॅल्सिन्यूरिन रोखणारे टॅक्रोलिमस घेणाऱ्या रुग्णांत तो कितपत उतरेल, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

प्राण्यांतील यश रुग्णांत उतरतेच असे नाही. पांढऱ्या पेशींना द्वीपकांकडे खेचणाऱ्या ग्राहींना रोखणारे रेपॅरिक्सिन हे औषध उंदरांत उपयुक्त ठरले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्यातील मानवी चाचणीत मात्र त्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही.

मूलपेशी आणि जनुक-संपादन

दात्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून मूलपेशींपासून द्वीपके तयार करण्यात येत आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिमिस्लेसेल या उपचाराच्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्ण एका वर्षानंतर इन्सुलिनविना होते. अशा द्वीपकांना मेंदूमृत्यू आणि कोलॅजिनेजच्या प्रक्रियेला सामोरे जावे लागत नाही. तरीही त्यांना पोर्टल नीलेतील दाह, ऑक्सिजनची कमतरता व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चुकत नाहीत. याच अभ्यासातील एका सहभागीचा मेंदूआवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने मृत्यू झाला. या औषधांची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यातून दिसते.

२०२५ मध्येच उप्साला येथील संशोधकांनी प्रकार १ मधुमेहाच्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुक-संपादित द्वीपक-पेशी बसवल्याचे प्रसिद्ध केले. या दात्याच्या पेशींतील ओळख पटवणारे रेणू काढून सीडी४७ हे संरक्षक प्रथिन वाढवले होते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न देताही त्या पेशी बारा आठवड्यांच्या पाठपुराव्यात टिकून राहिल्या व त्यांनी इन्सुलिन स्रवले. मात्रा मुद्दाम लहान ठेवल्याने रुग्णाला इन्सुलिनची इंजेक्शने चालू ठेवावी लागली. औषधांची गरजच उरली नाही, तर एमटीओआर व कॅल्सिन्यूरिन यांच्यासंबंधीचा वर वर्णिलेला पेच सुटू शकतो. ताणजन्य विकरांचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

भारतातील संशोधन व स्थिती

पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे यांच्या गटाने द्वीपकांचे विलगीकरण, संवर्धन व अतिशीत साठवण यांवर दीर्घकाळ संशोधन केले. हळदीतील कर्क्युमिन वापरल्यास अतिशीत साठवणीनंतर द्वीपके अधिक प्रमाणात वाचतात आणि त्यांच्यात हीम ऑक्सिजनेज-१ हे संरक्षक विकर वाढते, असे या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील द्वीपकांविषयी आहेत. आहारातील हळदीमुळे मधुमेह बरा होतो, असा अर्थ त्यांतून निघत नाही.

भारतात स्वादुपिंडात खडे होणारा उष्णकटिबंधीय चिरकारी स्वादुपिंडदाह आढळतो आणि त्यातून मधुमेहही होतो. त्यामुळे स्व-प्रत्यारोपणाला येथे विशेष महत्त्व आहे. हैदराबाद येथील एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेने अशा रुग्णांतील द्वीपक विलगीकरणाचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. मृत दात्यांकडून अवयव मिळवण्यास १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचा आधार आहे. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला.

मर्यादा

संकेतन विकरांवरील उपचारांना काही मूलभूत मर्यादा आहेत. एकच विकर वेगवेगळ्या पेशींत आणि वेगवेगळ्या वेळी भिन्न कार्ये करते. एनएफ-कप्पा-बीचा मार्ग दाह वाढवतो, पण काही परिस्थितींत पेशीला वाचवणारी जनुकेही चालू करतो. पेशीमृत्यू रोखणारे आणि विभाजन वाढवणारे उपाय कर्करोगाचा धोका निर्माण करू शकतात. म्हणून संशोधनाचा कल अशा उपायांकडे आहे जे थोड्या काळापुरते, शक्यतो शरीराबाहेर आणि केवळ द्वीपकांवरच कार्य करतील. यकृतातील द्वीपकांची संख्या थेट मोजण्याची सोपी पद्धत नसल्याने एखाद्या उपायाने नेमक्या किती पेशी वाचल्या, हे रुग्णात ठरवणेही कठीण असते. इन्सुलिनबरोबर स्रवणाऱ्या सी-पेप्टाइडची रक्तातील पातळी हाच त्यासाठी मुख्य निकष आहे.

सध्या द्वीपक प्रत्यारोपण प्रामुख्याने अशा रुग्णांसाठी विचारात घेतले जाते, ज्यांची रक्तशर्करा पूर्वसूचनेशिवाय धोकादायकरीत्या खालावते आणि ज्यांना इन्सुलिन, सतत ग्लुकोज मोजणारी उपकरणे व इन्सुलिन पंप यांचा पुरेसा उपयोग होत नाही. आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा धोका इतरांच्या बाबतीत लाभापेक्षा मोठा ठरतो. प्रत्येक दात्याच्या द्वीपकांपैकी अधिक द्वीपके वाचवता आली, तर एका दात्यात एक रुग्ण हे प्रमाण नेहमीचे होऊ शकेल आणि उपचाराची व्याप्ती वाढेल.

हे सुद्धा पहा

मधुमेह
इन्सुलिन
स्वादुपिंड
अवयव प्रत्यारोपण
नियोजित पेशीमृत्यू
मूलपेशी